ट्रॅक डेसाठी टायर कुठले घ्यावेत? (आरसी ३९०, पुणे ते चेन्नई)

खडकवासला_३९०

नमस्कार मंडळी. दोनतीन वर्षं नुसता वाचतोय इथे, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे २०१९ ची केटीएमची आरसी ३९० बाइक आहे, ३१ हजार किमी झालेत, इंजिन एकदम ठणठणीत. जानेवारीच्या शेवटी चेन्नईच्या मद्रास ट्रॅकवर, म्हणजे श्रीपेरुंबुदूरच्या पुढे इरुंगाट्टुकोट्टैला जो आहे तिथे, दोन दिवसांचा ट्रॅक डे (म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायला मिळते) बुक केलाय. पैसे भरून झाले, लेदर सूट एका मित्राचा मिळतोय, आता सगळं घोडं टायरवर अडलंय. मागचा टायर मधोमध पार चपटा झालाय आणि पुढच्याच्या कडेला बारीक भेगा दिसायला लागल्यात त्यामुळे जोडी तर बदलायचीच आहे, प्रश्न आहे कुठली.

आधी हे का करतोय ते सांगतो. ऑगस्टमध्ये आम्ही सहाजण ताम्हिणीला गेलो होतो, नेहमीसारखं पहाटे निघून, चांदणी चौकात भेटून, पिरंगुटला चहा घेऊन. एका डाव्या वळणावर डोंगरातून वाहून आलेला मुरूम रस्त्यावर पसरलेला होता, माझा मित्र पुढे होता, त्याचं पुढचं चाक निसटलं आणि तो कठड्याखाली गेला. कॉलरबोन आणि मांडीचं हाड. मी त्याच्या मागे साठसत्तर फुटांवर होतो, सगळं डोळ्यांसमोर झालं. रुग्णवाहिका येईपर्यंतचा तो पाऊण तास मी विसरू शकत नाही. त्यानंतर ठरवलं की घाटात जोरात गाडी चालवायची नाही, म्हणजे नाहीच. पण वळणावर गाडी झोपवायची जी ओढ आहे ती काही जात नाही हो. म्हणून ट्रॅक.

प्रश्न असे:
स्लिक टायर (बिनखाचांचे) घ्यावेत का? काहीजण म्हणतात ट्रॅक म्हणजे स्लिकच.
पिरेली, मेट्झेलर घ्यावेत की अपोलो, टीव्हीएस चालतील?
गाडी इथून चालवतच न्यायची आहे, म्हणजे बाराशे किमी जाऊन बाराशे परत, त्याच टायरवर.
आणि हवा किती ठेवायची? कोणी २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सांगतं कोणी ३२.

वजन ६८ किलो, ट्रॅकवर याआधी कधीच गेलो नाही.

साताऱ्याचा_पोरगा

भावा आधी मित्राची तब्येत कशी हाय ते सांग.

दुसरं, मी मागल्या वर्षी हेच केलंय, सातारा कोल्हापूर बेळगाव हुबळी चित्रदुर्ग तुमकूर करत बेंगळुरूत मुक्काम, दुसऱ्या दिवशी चेन्नई. नवीकोरी मऊ रबराची इंपोर्टेड जोडी टाकून गेलो. हुबळीच्या पुढं हायवे लई सरळ हाय, सहाव्या गिअरात तासन् तास. ट्रॅकवर पोचलो तवा मागच्या टायरचा मधला पट्टा खाल्लेला दिसत होता आणि कडा जशाच्या तशा कोऱ्या, नव्या टायरवरची रबराची केसं बी तशीच. वळणात गाडी टाकली की मधनं कडेला जाताना एकदम ढकलल्यागत व्हायचं, गुळगुळीत जायचीच नाही. एवढं पैसे घालून ट्रॅकवर वापरायचं रबर मी दावणगिरीच्या रस्त्याला घासून आलो, त्याचं अजून वाईट वाटतंय. म्हणून सांगतो, टायर ठरवायच्या आधी गाडी न्यायची कशी ते ठरव.

नळस्टॉप

वाचतोय. उपयोगी धागा.

खडकवासला_३९०

@साताऱ्याचा_पोरगा मित्र आता कुबड्यांशिवाय चालतो, फिजिओथेरपी चालू आहे. विचारल्याबद्दल मनापासून आभार.

गाडी नेण्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

जुना_गॅरेजवाला

मी तीस वर्षं गाड्यांवर हात काळे केलेत, त्यातली शेवटची आठदहा वर्षं ट्रॅकवाल्या पोरांबरोबर चेन्नई आणि कोइमतूरला पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात ती जागा) उभं राहून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्लिक नको. कारण सांगतो. स्लिकचं रबर गरम झाल्यावरच पकडतं, आणि गरम म्हणजे हाताला कोमट लागतं तेवढं नव्हे. म्हणूनच स्पर्धेतली मंडळी टायरला वॉर्मर गुंडाळतात, ते साधारण ८० अंशापर्यंत तापवतात, त्याला जनरेटर किंवा पिटमध्ये वीज लागते, स्टँड लागतात, एक माणूस लागतो. तुझं सेशन पंधरा वीस मिनिटांचं असणार. गाडी ३७३ सीसी, ताकद ४३ पीएस. तू नवीन, पहिले दोन सेशन रस्ता पाठ करण्यातच जाणार, ब्रेक लवकर मारशील, गॅस हळू देशील. त्यात स्लिक पुरेसा तापणारच नाही, आणि थंड स्लिकपेक्षा तापलेला साधा स्पोर्ट टायर कितीतरी भरवशाचा. शिवाय स्लिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि चार थेंब पाऊस पडला की दिवस संपला, कारण पाणी बाहेर फेकायला त्याला खाचाच नाहीत.

तुला पाहिजे रस्त्यावरचाच स्पोर्ट रेडियल. साइज कंपनीचीच ठेव, पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०, दोन्ही १७ इंची. या साइजला आता चांगली निवड आहे. देशी घ्यायचे तर अपोलोचा अल्फा एच१ किंवा टीव्हीएसचा प्रोटॉर्क एक्स्ट्रीम. इंपोर्टेड घ्यायचे तर पिरेलीचे डायब्लो रोसो, मेट्झेलरचा एम सेव्हन किंवा एम नाइन, मिशेलिनचा पॉवर. अपाचे आरआर ३१० ला २०२० पासून मिशेलिनचा रोड ५ येतो, तोही याच साइजचा आहे, पण तो मुळात लांब पल्ल्याचा आणि ओल्या रस्त्याचा टायर. ट्रॅकवर चालतो, पण चेन्नईच्या उन्हात सलग दहा लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) जोरात मारल्या तर मऊ पडून सरकल्यासारखं वाटायला लागतं.

स्पीड रेटिंग बघून घे. एच म्हणजे २१० किमी, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. तुझी गाडी १७० च्या आसपास संपते, त्यामुळे एच पुरे. उगाच मोठ्या अक्षरासाठी पैसे टाकू नकोस.

आणि माझं स्पष्ट मत: पहिल्या ट्रॅक डेला देशी रेडियल घ्यावेत. तुझ्या आजच्या हाताला त्यांची पकड कमी पडणार नाही. जे पैसे वाचतील त्यात नवे ब्रेक पॅड, ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल आणि स्वतःचा एक चांगला प्रेशर गेज घे.

पिटलेन

गॅरेजवाले काका, आदर ठेवून असहमत. मी आरसीवर पिरेलीचे सुपरकोर्सा, म्हणजे मऊ, जास्त पकडीचे टायर वापरलेत, फरक जमीन अस्मानाचा आहे. ब्रेक सोडत वळणात शिरताना पुढचं चाक जे सांगतं ना ते साध्या टायरवर कळतच नाही. माणूस एवढा खर्च करून बाराशे किमी जाणार, सुट्ट्या घालवणार, मग टायरमध्येच का हात आखडायचा? आणि पकड जास्त असेल तर पडण्याची शक्यताही कमीच ना, नवख्याला तर जास्तच गरज.

जुना_गॅरेजवाला

पिटलेन, तुमचा अनुभव खोटा नाही. सुपरकोर्सा उत्तमच टायर आहे. पण तुम्ही किती ट्रॅक डे केल्यावर त्यावर आलात ते आठवा.

माझं म्हणणं असं की साधा टायर बोलतो. मागचं चाक थोडं सरकतं, परत पकडतं, पुढचं जरा बाहेर जायला बघतं, हँडल हलकं लागतं. हे सगळं कमी वेगात होतं म्हणून शिकाऊ माणसाला ते कळायला आणि सावरायला वेळ मिळतो. फार पकडीचा टायर चुका पोटात घालतो, गॅस अर्धवट उघडलेला, शरीर चुकीच्या बाजूला, तरी गाडी वळते, आणि पोराला वाटतं आपल्याला येतंय. मग जेव्हा सुटतो तेव्हा वेगही जास्त असतो आणि इशाराही मिळत नाही. मी पिटमध्ये असताना जी पडलेली पोरं उचलली त्यातली बरीचशी पहिल्या दुसऱ्या लॅपला, टायर तापायच्या आत पडलेली होती, टायर कुठलाही असो. सकाळच्या पहिल्या सेशनच्या पहिल्या दोन लॅप नुसत्या टायर तापवायला द्यायच्या, कोणी ओव्हरटेक केलं तर करू द्यायचं.

पिटलेन

हे मात्र शंभर टक्के मान्य. मी सुपरकोर्सावर पाचव्या ट्रॅक डेला आलो, त्याआधी कंपनीचेच टायर होते.

रानजाई

छान चर्चा चालू आहे. माझी आर१५ व्ही३ आहे, मीही पुढच्या वर्षी जायचा विचार करतेय. मागे १४०/७० आहे. नाना पेठेत एका दुकानात सांगितलं की मॅडम १५०/६० टाका, ट्रॅकला रुंद टायर लागतो, जास्त रबर जमिनीला टेकतं. हे खरं आहे का? मैत्रिणीने टाकलाय आणि दिसतो भारी, पण ती म्हणते गाडी वळायला जड झाली.

आकडेमोड

रानजाई ताई, तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे, आणि ते गणितातच दिसतं. १४०/७० म्हणजे रुंदी १४० मिमी आणि उंची तिच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिमी. १५०/६० ची उंची ९०. म्हणजे टायरचा व्यास १६ मिमीने कमी झाला आणि गाडीची मागची बाजू ८ मिमी खाली बसली. मागची बाजू खाली गेली की पुढचा फोर्क जास्त तिरका होतो आणि गाडी वळणात शिरायला आळशी होते. त्यात आर१५ ची रिम अरुंद. त्यावर रुंद टायर बसवला की दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, गोलाई जाऊन मधे टोकदार होतो आणि झुकवल्यावर कड नीट टेकत नाही. रुंद टायर घेऊन कधीकधी टेकणारं रबर कमीच होतं. कंपनीच्या साइजमध्ये चांगलं रबर घ्या, रुंदी वाढवू नका.

आता धागाकर्त्यांच्या हवेच्या प्रश्नाकडे. मी मेकॅनिकलला शिकवतो त्यामुळे हा विषय जवळचा आहे, जरा लांबण लागेल.

कोणी २४ म्हणतं कोणी ३२, कारण एकजण थंड टायरचं सांगतो आणि दुसरा गरम टायरचं. ट्रॅकवर महत्त्वाचं असतं ते गरम. उदाहरण घ्या. सकाळी चेन्नईत २७ अंशाला तुम्ही २८ पीएसआय हवा भरली. गेज वातावरणाचा दाब धरत नाही, तो साधारण १४.७, म्हणजे आतला खरा दाब ४२.७. सेशन संपताना आतली हवा ६७ अंशाला गेली असं धरा. केल्विनमध्ये, म्हणजे अंशात २७३ मिळवून, ३०० चे ३४० झाले. ४२.७ गुणिले ३४० भागिले ३०० केलं की ४८.४ येतात, त्यातून १४.७ वजा करा, गेज ३३.७ दाखवेल. म्हणजे साडेपाच पावणेसहा पीएसआय आपोआप वाढले. ढोबळमानाने दर सहासात अंशाला एक पीएसआय. म्हणून रस्त्यावरची नेहमीची हवा ठेवून ट्रॅकवर गेलात की तिसऱ्या लॅपला टायर फुगून कडक होतो, जमिनीला टेकणारा भाग लहान होतो आणि गाडी तरंगल्यासारखी लागते.

अजून एक गोष्ट जी पुणेकरांना खास लागू आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे वातावरणाचा दाब १३.८ च्या आसपास. चेन्नई समुद्राकाठी. तुम्ही पुण्यात ३० भरून निघालात तर टायरातून काहीही न गळता, त्याच तापमानाला, चेन्नईत गेज २९ दाखवेल. आणि जानेवारीत पुण्याची पहाट १२ अंश आणि तिकडची २२ असेल तर तापमानामुळे दीड पीएसआय वाढतील. दोन्ही मिळून अर्धा पीएसआय वर. थोडक्यात, घरी भरलेल्या हवेवर विसंबू नका, ट्रॅकवर सकाळी सावलीत मोजा. उन्हात उभ्या गाडीचं एकच चाक तापलेलं असतं आणि ते वाचन फसवं असतं.

घाटवळण

नायट्रोजन भरला तर हे वाढणं टळतं ना?

आकडेमोड

नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, आणि वर जे गणित केलं ते कुठल्याही कोरड्या वायूला लागू आहे. फरक पडतो तो बाष्पाचा. पंपावरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असेल तर ते टायरात जातं आणि तापल्यावर दाब जास्त वाढवतं. म्हणून कोरडी हवा मिळाली तर उत्तम, त्यासाठी नायट्रोजनच पाहिजे असं नाही.

साताऱ्याचा_पोरगा

हे उंचीचं आपल्याला म्हाइतच नव्हतं राव. मी तिकडं जाऊन हवा कमी दाखवतीय म्हणून व्हॉल्व्ह बदलून घेतला होता.

खडकवासला_३९०

अपडेट. गाडी न्यायचं ठरलं, वाकडच्या दोघांबरोबर पिकअप करतोय, तीन गाड्या एकात, डिझेल आणि ड्रायव्हरचा खर्च तिघांत. रेल्वे पार्सलचाही विचार केला होता, पण त्यात पेट्रोल पूर्ण काढून द्यावं लागतं आणि गाडी नेमकी कधी पोचेल त्याची खात्री वाटेना. साताऱ्याच्या दादाचे आभार, त्याचं ते दावणगिरीचं वाक्य वाचूनच ठरलं.

टायरचं म्हणाल तर अल्फा एच१ घेतले, पुढचा मागचा दोन्ही. पण घेताना जे झालं ते इथे मुद्दाम लिहितोय. पहिल्या दुकानात, नाव लिहीत नाही, त्यांनी टायर रिमवर चढवायला घेतला आणि मी सहज म्हणून साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूवरचा) तारखेचा आकडा बघितला. डीओटी अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटी लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. पुढच्याचा होता चालू वर्षाचा आणि मागच्याचा ३२२१, म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा! विचारलं तर म्हणाले टायरला काही होत नाही साहेब, गोडाउनमध्ये होता. मी नको म्हटलं तर चढवायचे पैसे मागायला लागले. वाद घातला नाही, पैसे देऊन बाहेर पडलो आणि दुसरीकडे दोन्ही ताज्या तारखेचे घेतले. मला खरंच राग आला, कारण हा माणूस बघत होता की मी ट्रॅकसाठी टायर घेतोय, मी सांगितलं होतं त्याला.

जुना_गॅरेजवाला

योग्य केलंस. रबर पडून पडून कडक होतं, नखाने दाबलं तरी कळतं. बाण बघितलास ना? साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, घाईत उलटा चढवलेला मी स्वतः पकडलाय. बॅलन्सिंग करून घे. व्हॉल्व्हला धातूचं, आत रबरी वायसर असलेलं झाकण लाव, वेगात व्हॉल्व्हची पिन आत ढकलली गेली तर तेवढंच झाकण हवा धरून ठेवतं. आणि पंक्चरची स्ट्रिप मारलेला टायर घेऊन ट्रॅकवर कधीच जायचं नाही, स्क्रूटिनीला (ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीला) अडवलं नाही तरी नाही.

नव्या टायरवर साचातून आलेला गुळगुळीत थर असतो. शंभर सव्वाशे किमी आरामात चालव, हळूहळू झुकाव वाढवत. पानशेत रस्त्याला सकाळी जाऊन ये, पण आरामात.

नळस्टॉप

कूलंट काढून साधं पाणी भरायला सांगतात ते का? टायरशी संबंध आहे का त्याचा?

जुना_गॅरेजवाला

आहे तर. कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की निसरडं होतं आणि वाळतही नाही, मागून येणाऱ्या सगळ्यांचे टायर त्यावरून जातात. पाणी वाळून जातं. आयोजकांचे नियम वाचा, बहुतेक ठिकाणी आरसे काढायला आणि दिव्यांना चिकटपट्टी लावायलाही सांगतात, काच फुटून ट्रॅकवर पसरू नये म्हणून. परत आल्यावर कूलंट भरायला विसरू नका.

खडकवासला_३९०

परत आलो. सुखरूप, गाडीसकट. सोमवारी पहाटे पोचलो, झोप काढून आता लिहायला बसलोय, थोडं मोठं होईल.

सगळ्यात आधी सांगतो, माझा तो मित्र, ज्याचा ऑगस्टमध्ये अपघात झाला, तो बरोबर आला होता. गाडी चालवायला अजून डॉक्टरांची परवानगी नाही, पण म्हणाला मी पिटमध्ये बसतो, हवा मोजतो. आणि खरंच दोन दिवस खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसला. माझ्या प्रत्येक सेशनच्या आधी आणि नंतरचे आकडे त्याने लिहिलेत, ते बघूनच हे टाइप करतोय.

पहिला दिवस, सकाळी साडेसात, सावलीत मोजून पुढे ३० मागे ३०. हे मी घाबरून जास्त ठेवलं, कमी हवेत रिमला मार बसेल असं काहीतरी डोक्यात होतं. पहिल्या दोन लॅप काकांनी सांगितल्याप्रमाणे हळू. ट्रॅक ३.७ किमीचा आहे, बारा वळणं, आणि मुख्य सरळपट्टीच्या शेवटचं पहिलं उजवं वळण, त्याला तिथे सगळे सी १ म्हणतात, ते इतकं वेगात घ्यायचं असतं की पहिल्या सेशनला मी तिथे चक्क ब्रेक मारून सरळ होऊन वळत होतो. पाचव्या लॅपपासून मागचं चाक वळणातून बाहेर येताना हलकं हलकं तरंगायला लागलं. आत आल्याबरोबर मित्राने मोजलं, पुढे ३५, मागे ३६. आकडेमोड सरांनी जे गणितात लिहिलं तेच वहीत उतरलेलं बघून दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

मग गरम टायरमधूनच हवा सोडली, पुढे ३२ मागे ३२. दुसऱ्या सेशनला गाडीच वेगळी. वळणात टाकली की बसते, बाहेर येताना गॅस दिला की मागचा टायर दाबला जाऊन ढकलतोय हे कमरेला कळतं. माझ्याकडे याला दुसरा शब्द नाही. त्याच टायरवर, त्याच रस्त्यावर, फक्त हवा सोडून. दुपारी ऊन चढलं, डांबरावर हात ठेववत नव्हता, तेव्हा परत वाढून ३४ दाखवायला लागले म्हणून अजून थोडी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरला पुढे २७ आणि मागे २७ आले, म्हणजे तोच माझा थंडचा आकडा धरून सुरुवात केली आणि दिवसभर फक्त अर्धा एक इकडेतिकडे. हे आकडे माझ्या वजनाचे, माझ्या वेगाचे आणि जानेवारीतल्या चेन्नईचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा.

टायरची अवस्था: ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने असल्यामुळे उजवी कड डावीपेक्षा जास्त घासली गेलीय. उजवीकडे अगदी टोकापर्यंत गेलोय, डावीकडे अजून बोटभर कोरी पट्टी शिल्लक आहे. उजव्या कडेला रबराच्या बारीक गोळ्या झाल्या होत्या, मी घाबरलो, शेजारच्या पिटमधल्या तमिळ अण्णांनी हाताने दाखवून दिलं की वरवरच्या आहेत, खाली रबर नीट आहे. मधला पट्टा जवळजवळ नवा, कारण हायवेला घासलाच नाही.

पडलो नाही. एकदा दुसऱ्या दिवशी चौथ्या सेशनला दमलेला असताना पुढचं चाक सरकलं. हँडल एकदम हलकं झालं, पोटात गोळा आला, ताम्हिणीचं ते वळण डोळ्यांपुढे आलं. पण सरकलं, आणि मी काही करायच्या आत परत पकडलं. काकांनी लिहिलं होतं ना टायर बोलतो, ते मला तिथे समजलं. मी हात वर करून आत आलो आणि ते सेशन तिथेच संपवलं. मित्राने वहीत लिहिलंय, "चौथं सेशन, सहा लॅप, पुढचं सरकलं, पुढे ३१ मागे ३२, माणूस दमलाय."

रानजाई

किती सुरेख लिहिलंय. मित्राचं वाचून डोळे भरून आले. मी १५०/६० चा विचार सोडलाय, कंपनीच्याच साइजचा रेडियल बघतेय.

जुना_गॅरेजवाला

दमल्यावर आत आलास हे सगळ्यात चांगलं केलंस. डावीकडची कोरी पट्टी घालवायच्या मागे लागू नकोस, ती त्या ट्रॅकवर तशीच राहते. आणि आता रस्त्यावर गाडी काढायच्या आधी हवा मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी कर. २७ वर पुण्याच्या खड्ड्यांतून गेलास तर रिम वाकेल.

पिटलेन

मस्त. पुढच्या जोडीला मऊ टायर टाकून बघ एकदा, मग बोलू.

खडकवासला_३९०

हो, काका, पिकअपमधून उतरवल्या उतरवल्या पहिलं तेच केलं. पिटलेन, अजून दोन तरी ट्रॅक डे याच जोडीवर करायचेत, डावी वळणं मला अजून येत नाहीत.

आता महत्त्वाचं. मार्चच्या दुसऱ्या शनिवार रविवारी परत जातोय, वाकडहून तोच पिकअप, गुरुवारी रात्री निघणार. मित्राला डॉक्टरांनी अजून दोन महिने थांबायला सांगितलंय पण तो वही घेऊन येणारच आहे. एका गाडीची जागा शिल्लक आहे. रानजाई ताई किंवा साताऱ्याचे दादा, कोणी येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सातारा वाटेतच आहे, तुमची गाडी तिथूनच चढवून घेऊ. गेज माझ्याकडे आहे.

साताऱ्याचा_पोरगा

व्यनि केलाय. बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उभा ऱ्हातो.